नागपुरात कार्नेशन लावताय? या चुका टाळा

नागपुरात कार्नेशन उन्हाआधी पाण्यानंच जास्त मरतं. आपली काळी माती ओल धरून ठेवते आणि या झाडाची मुळं ओलीत राहिली की कुजतात. म्हणून बागेतली माती जशीच्या तशी कुंडीत भरू नका. निम्मी जाड वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. रोप खोल दाबू नका, त्याची मान मातीच्या वर राहू द्या. वरची माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी घाला, तेही सकाळी, बुडाशी.

खालची पानं पिवळी पडून झाडाची एकच बाजू सुकत असेल, तर आणखी पाणी ओतू नका. खोड उभं चिरून बघा. आत तपकिरी रेषा दिसल्या तर ती फ्युझेरियम बुरशीची मर आहे. झाड उपटून टाका, ती माती पुन्हा कार्नेशनला वापरू नका.

बी ऑक्टोबर उलटल्यावर पेरणं हीही नेहमीची चूक. कार्नेशनचा मार्गरेट प्रकार चारेक महिन्यांत फुलतो, शाबो प्रकाराला पाच-सहा महिने लागतात. तोवर इथं ऊन चढतं. सप्टेंबरातच आडोशाला पेरा. पाच-सहा पानजोड्या झाल्या की शेंडा खुडा, जीव कितीही खालीवर झाला तरी. फुटवे त्यातूनच येतात. आणि नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, झाड जगवायचा हट्ट नको, हे आपल्याकडे हिवाळ्याचंच फूल.

कळीखालचा हिरवा पेला फाटून पाकळ्या एका बाजूला लोंबल्या की लोक कीटकनाशक फवारतात. ही कीड नव्हे. डिसेंबरात दुपारी 28 अंश आणि पहाटे 12, एवढ्या फरकानं पेला फाटतो; जास्तीचा युरिया आणि बोरॉनची कमतरता त्यात भर घालतात. रात्री कुंडी भिंतीलगत सरकवा. कळीत रंग दिसू लागला की पेल्याभोवती बारीक रबरबँड चढवा, फूल देखणं उमलतं.

बर्डीहून आणलेली फुलं दोन दिवसांत मिटली, तर विकणाऱ्याला बोल लावण्याआधी फुलदाणीशेजारी काय आहे ते बघा. पिकती केळी इथिलीन वायू सोडतात आणि कार्नेशनच्या पाकळ्या त्यानं आत वळतात. चांगल्या संत्र्याचा फारसा त्रास नाही, पण टोपलीत हिरवी बुरशी धरलेलं एक जरी असलं तरी तेवढं पुरतं. ते आधी काढा, मग देठ दोन पेरांच्या मध्ये तिरपे कापून ताज्या पाण्यात ठेवा.