साल्हेर-सालोटा एका दिवसात: आधी सालोटा

नाशिक जिल्ह्यातल्या, पायथ्याच्या वाघांबे गावातून पहाटे उजाडतानाच निघा. तास-दीड तासात दोन्ही किल्ल्यांमधली खिंड येते. तिथे बहुतेकांची पावलं थेट साल्हेरकडे वळतात, कारण तो १५६७ मीटर उंच, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. पण आधी सालोटा उरका. त्याची वाट उभी, घसाऱ्याची. दमलेल्या पायांनी दुपारी उतरताना तीच अंगाशी येते.

ऑक्टोबरमधली खरी गोम गवतात आहे. पावसाळ्यात कमरेएवढं वाढलेलं गवत आता वाळून आडवं पडतं. खाली सुटा मुरूम, वर गुळगुळीत काड्या, आणि बूट सरकतो. उतरताना अंग मागे टाकू नका, सगळा भार टाचेवर जाऊन पाय सटकतो. गुडघे किंचित वाकवा, पाऊल आडवं टाका, काठीने गवताखालची पायरी चाचपा. गवताच्या मुठीला लोंबकळणं तर नकोच, ती मुळासकट हातात येते.

पाणी माणशी चार लिटर. किल्ल्यावरच्या कातळात खोदलेल्या टाक्यांत या दिवसांत पाणी असतं, पण गाळून-उकळूनच प्या. ऑक्टोबर हीटमध्ये नुसतं पाणी पुरत नाही. मीठ-साखर किंवा ओआरएस सोबत ठेवा, नाहीतर पोटऱ्यांत गोळे येतात.

कातळकड्याला आग्यामोहोळ दिसलं तर अत्तर, धूर, आरडाओरडा सगळं बंद.

साल्हेरच्या परशुराम मंदिराच्या माथ्यावरून तीनच्या आत उतरायला लागा. महिनाअखेरीस सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि दरवाजांच्या पायऱ्यांवर अंधार त्याआधीच पडतो.