आधी पोटरी, मग पंजा

"अहो, तुमचा पाय वाजतोय," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. मला पत्ताच नव्हता. चालताना डावा पंजा फरशीवर फट्‌कन आपटत होता. उंबऱ्याला दोनदा ठेच लागली होती, ती मी वयावर ढकलली होती. मग एके दिवशी चप्पल पायातून निसटून मागं राहिली, तेव्हा डोळे उघडले.

मुलीचं सासर पाचगणीजवळच्या भिलारचं. हंगामात दोन दिवस हौसेनं उकिडवा बसून स्ट्रॉबेरी तोडली. गुडघ्याच्या खाली बाहेरच्या अंगाला जी हाडाची गाठ लागते, तिच्यावरून एक नस अगदी कातडीखालून जाते. ती दबली. डॉक्टर हसले, या दुखण्याला 'स्ट्रॉबेरी तोडणाऱ्यांचा लकवा' असंही म्हणतात म्हणे! पण असा फूट ड्रॉप (पंजा वर उचलता न येणं) मणक्यामुळं, शुगरमुळं, अर्धांगवायूनंही येतो, तेव्हा आधी तपासणी. पाय अचानक लुळा पडला आणि तोंड वाकडं, हात जड किंवा बोलणं अडखळतंय, तर व्यायाम राहू दे, 108 ला फोन लावा. कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा तिच्यावरचा ताबा गेला, तरी थांबायचं नाही.

मी पहिले पंधरा दिवस पंजा वर उचलायचीच खटपट केली. फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या, "काका, पोटरी आखडलीय. पंजा वर यायला जागा कुठाय?" पंजा सतत खाली लोंबला की पोटरीचा स्नायू आखूड होत जातो. म्हणून सुरुवात पोटरीपासून.

पलंगावर पाय लांब करून बसा. गुडघा सरळ. जुना पंचा तळव्याच्या पुढच्या फुगीर भागाला अडकवा (नुसत्या बोटांना नाही, मी तीच चूक करत होतो) आणि दोन्ही टोकं हळूहळू स्वतःकडं ओढा. पोटरीत ताण जाणवला पाहिजे, कळ नाही. वीस-तीस आकडे मोजा, सोडा. असं तीन-चारदा, सकाळ-संध्याकाळ.

मग हाताची लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून तिच्यात बसा. टाच जमिनीवर, दोन्ही पंजे एकदम वर. दुबळा पाय हलला नाही तर पंचानं वर आणा, पंचा सैल करा आणि पाच मोजत पंजा आपल्या जोरावर सावकाश खाली येऊ द्या. उचलण्यापेक्षा हे सावरून खाली आणणं मला आधी जमलं. दहा वेळा बास. थकल्यावर नुसती मांडी झटकली जाते. तसंच टाच न हलवता पंजा बाहेरच्या बाजूला वळवायचा. नातवाच्या गोट्या पायाच्या बोटांनी उचलून वाटीत टाकायचाही खेळ आहे. त्यात तो जिंकतो.

उभं राहून करायचं ते ओट्याला दोन्ही हातांनी धरूनच, आणि घरात कुणी असताना.

पायाला बधिरपणा असेल तर गरम पाण्याचा शेक अजिबात नको. भाजलेलं कळत नाही. उकिडवं बसणं आणि गुडघ्यावर गुडघा टाकून बसणं बंद. पायपुसणी गुंडाळून ठेवा, चप्पल मागं पट्ट्याची घ्या. डॉक्टरांनी स्प्लिंट (पंजा वर धरून ठेवणारा आधार) दिला असेल तर आत पातळ मोजा घाला आणि काढल्यावर कातडी बघा. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर तो टोचतोय, दुरुस्त करून घ्या. मला स्प्लिंटची लाज वाटायची. पडून खुबा मोडण्यापेक्षा बरा.

नस आतून तुटली असेल तर ती दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढते, म्हणजे हिशेब महिन्यांचा. मला पाच लागले. सध्या साताऱ्यात राजवाड्यापासून मोती चौकापर्यंत काठी घेऊन जातो. पाय वाजत नाही. कंदी पेढे मात्र पाहुण्यांपुरतेच, शुगर अजून तिथंच आहे.