टायर प्रेशरचा दिवा लागला? सेन्सर बदलण्याआधी या चुका टाळा

गाडी आठ-दहा वर्षांची झाली की डॅशबोर्डवरचा तो पिवळा दिवा कधी ना कधी लागतोच. घोड्याच्या नालेसारखा आकार आणि मधोमध उद्गारचिन्ह. टायरमधल्या हवेवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेचा, म्हणजे टीपीएमएसचा, हा इशारा. तो दिसला की कुणी म्हणतं ‘सेन्सर गेला’, कुणी म्हणतं ‘जुन्या गाडीत एवढं चालायचंच’. दोन्ही म्हणणाऱ्यांनी टायरला गेज लावलेला नसतो.

सगळ्यात आधी दिवा लागतो कसा ते बघा. बहुतेक गाड्यांत इग्निशन ऑन केल्यावर दिवा लागून तसाच राहिला, तर हवा कमी आहे आणि सेन्सर त्याचं काम चोख करतोय. मिनिटभर किंवा थोडं जास्त लुकलुकून मग स्थिर झाला, तर बिघाड यंत्रणेत आहे. या एका फरकाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे कितीतरी चांगले सेन्सर उगाच बदलले जातात.

मग हवा मोजा, पण टायर गार असताना. पंपापर्यंत पाच-सात किलोमीटर गाडी नेऊन मोजलेला आकडा चढलेलाच येतो. तापमान दहा अंशांनी उतरलं की हवेचा दाब जवळपास २ पीएसआयने (दाब मोजायचं एकक) कमी होतो. जानेवारीत पुण्यात पहाटे दहा-बारा अंश असतात आणि दुपारी तीस. त्यामुळे सकाळी लागलेला दिवा दुपारी विझतो, आणि आपण दोष सेन्सरला देतो. किती हवा भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतं. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो.

आता माझीच गोष्ट. स्क्रीनवर पुढच्या डाव्या चाकाच्या जागी हवेच्या आकड्याऐवजी नुसत्या रेघा येत होत्या. मी त्या चाकाचा सेन्सर बदलून घेतला, पैसे मोजले, आणि रेघा जिथल्या तिथे. नंतर लक्षात आलं की काही महिन्यांपूर्वी टायर रोटेशन केलं होतं. चाकं पुढची मागे गेली, पण गाडीच्या कॉम्प्युटरला ते कुणी सांगितलंच नाही. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा आयडी असतो आणि गाडी तो आयडी जुन्याच जागेवर दाखवत राहते. मेलेला सेन्सर खरं तर मागच्या डाव्या चाकात होता. हे तपासायला साधा उपाय आहे. एका चाकातली पाच-सहा पीएसआय हवा सोडा, गाडीची थोडी फेरी मारा आणि स्क्रीनवर कुठला आकडा उतरतो ते बघा. चारही चाकांचं असं एकेक करून बघायला अर्धा-पाऊण तास जातो. मी तेवढा वेळ दिला असता तर एका सेन्सरचे पैसे वाचले असते. तपासून झाल्यावर हवा पुन्हा भरायला विसरू नका.

फेरी मारायची कारण उभ्या गाडीत सेन्सर बॅटरी वाचवण्यासाठी झोपलेला असतो. म्हणून गाडी सुरू केल्या केल्या रेघा दिसल्या तर लगेच निष्कर्ष काढू नका, दहा-पंधरा मिनिटं चालवून मग ठरवा. आत एक छोटी लिथियम बॅटरी असते आणि ती पाच ते दहा वर्षं टिकते. सेन्सर सीलबंद असतो, त्यामुळे नुसती बॅटरी सहसा बदलता येत नाही. सकाळच्या गारठ्यात गायब आणि तापल्यावर हजर, असं रोज एकाच चाकाचं होत असेल तर ती बॅटरी संपत आली आहे. मूळ सेन्सर चारही एकाच वयाचे असतात, तेव्हा एक गेला की बाकीचेही फार मागे नसतात. टायर नवे टाकणार असाल तर त्याच वेळी चारही सेन्सर बदलणं शहाणपणाचं, कारण टायर दोनदा उतरवावे लागत नाहीत.

चारही चाकं एकदम गप्प झाली तर मात्र सेन्सरवर शंका घेण्याआधी लायटरच्या सॉकेटमधला स्वस्तातला चार्जर आणि डॅशकॅम काढून बघा. त्यांच्या गोंगाटात सेन्सरचा अशक्त रेडिओ सिग्नल बुडू शकतो. नवा सेन्सर ऑनलाइन मागवताना फ्रिक्वेन्सी जुळवा. आपल्याकडे साधारणपणे ४३३ मेगाहर्ट्झची चालते, अमेरिकेतल्या बऱ्याच गाड्यांना ३१५ ची लागते. चुकीची आली तर गाडीला तो सेन्सर ऐकूच येणार नाही. बसवल्यावर नवा आयडी गाडीला शिकवावा लागतो. काही गाड्या चालवता चालवता शिकतात, काहींना स्कॅनर लागतो.

सर्वाधिक नुकसान होतं ते पंक्चरच्या दुकानात, आणि तेही माहिती नसल्यामुळे. सेन्सर रिमच्या आत, व्हॉल्व्हच्या बुडाशी असतो. टायरची कड सुटी करणारं मशीनचं पातं नेमकं व्हॉल्व्हजवळ दाबलं की प्लॅस्टिकचा तुकडा पडलाच समजा. म्हणून चाक देतानाच सांगा, ‘दादा, आत सेन्सर आहे, व्हॉल्व्हपासून लांब दाबा.’ पंक्चरचा फोम किंवा लिक्विड भरलं असेल तर सेन्सरचं बारीक छिद्र बुजू शकतं. आणि ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये पितळेची पिन घालू देऊ नका. पावसाळ्यात दोन धातू एकमेकांना खातात, पिन आत जाम होते आणि पुढच्या वेळी व्हॉल्व्हच तुटून हातात येतो. निकेलचा मुलामा असलेली पिन मागा.

काही गाड्यांच्या चाकांत सेन्सरच नसतो. त्या ब्रेकच्या एबीएस यंत्रणेकडून चाकाच्या वेगाचा फरक बघून अंदाज बांधतात. स्क्रीनवर चाकागणिक आकडे न दिसता मेनूमध्ये फक्त रीसेटचा पर्याय असेल तर तुमची गाडी बहुधा त्यातली. तिथे चारही टायर स्टिकरप्रमाणे भरून रीसेट करायचं, बस.

दिव्यावर काळी टेप लावून गाडी समृद्धीवर नेणारे मी पाहिले आहेत. मला त्यांची खरंच काळजी वाटते. कमी हवेचा टायर भरधाव वेगात तापतो आणि फुटतो. बऱ्याच गाड्यांत दिवा लागतो तोवर हवा २० ते २५ टक्के उतरलेली असते, म्हणजे ३३ ऐवजी पंचवीस-सव्वीस. सेन्सर धड असो वा नसो, महिन्यातून एकदा सकाळी, गाडी हलवण्याआधी, गेज हातात घ्या. स्टेपनीलाही लावा.