11 वर्षांपूर्वीच्या थकबाकीसाठी रोज फोन यायचे, ते असे थांबले

सकाळी आठलाच फोन वाजायचा. 11 वर्षांपूर्वीच्या क्रेडिट कार्डाची थकबाकी, आणि मागणारी कंपनी मी कधी नावानेही ऐकलेली नाही. बँकेने ती वसुली दुसऱ्याला विकली होती. ‘आज थोडे तरी भरा, फाईल बंद करतो,’ असं गोड बोलणं ऐकून मी पैसे पाठवणारच होते. वकील मैत्रिणीला विचारलं म्हणून वाचले.

दावा लावायला कायद्याने मुदत असते. ती देशागणिक, कर्जागणिक वेगळी. पण थोडी रक्कम भरली किंवा ‘हो, देणं आहे’ असं लिहून दिलं, तर बऱ्याच ठिकाणी ती पुन्हा पहिल्यापासून मोजतात. हे मला कुणी आधी का सांगितलं नाही!

मग फोनवर काहीच कबूल केलं नाही. रजिस्टर पत्राने मूळ करार, हिशेबाचा उतारा आणि शेवटचा हप्ता भरल्याची तारीख मागितली. पोस्टाची पावती अजून जपून ठेवली आहे. तारीख आली, मुदत कधीच उलटली होती. तसं लेखी कळवलं, फोन थांबले.

मात्र कोर्टाचं समन्स आलं तर घरी बसू नका. मुदत संपल्याचं तिथे जाऊनच मांडा.