गालांवरचे वांग कसे फिके झाले : माझा अनुभव

आमची द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात आणि घर नाशिक शहरात असल्यामुळे, काढणीच्या दिवसांत माझा रोजचा प्रवास स्कूटरवरून भर उन्हात होत असे, आणि दोन हंगामांतच दोन्ही गालांवर तपकिरी वांग उमटले. आधी मी लिंबाचा रस चोळला. त्याने त्वचा चुरचुरली आणि डाग अधिकच गडद झाले. नंतर चिठ्ठीविना आणलेले ‘गोरेपणाचे’ मलम महिनाभर लावले. त्यात स्टिरॉइड होते, हे चेहरा लालबुंद झाल्यावर त्वचारोगतज्ज्ञांकडून कळले.

त्यांनी ते मलम बंद करून अ‍ॅझेलिक अ‍ॅसिडचे क्रीम दिले, परंतु खरा भर उन्हापासूनच्या संरक्षणावर ठेवला. वांगाला केवळ अतिनील किरणेच नव्हे, तर डोळ्यांना दिसणारा प्रकाशही चेतवतो, म्हणून आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे, एसपीएफ ५० चे सनस्क्रीन त्यांनी सुचवले. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतके ते घ्यायचे आणि उन्हात असेपर्यंत दर २ तासांनी पुन्हा लावायचे. बागेत घाम पुसताना ते निघून जाते, हे मला उशिरा उमगले. स्कूटरवर तोंडाला स्कार्फ गुंडाळणाऱ्या मुलींना मी पूर्वी हसत असे. आता मीही तो बांधते.

पहिले दोन महिने काहीच फरक दिसला नाही. चौथ्या महिन्यात डागांच्या कडा फिकट झाल्या. डाव्या गालावर पुसट छटा अजून आहे, आणि एप्रिलच्या उन्हात सनस्क्रीनचा कंटाळा केला की ती लगेच गडद होते.