पाणंद करायची असेल तर मुंबईकर गावात असतानाच बैठक लावा

जुलैमध्ये आमच्या पाणंदीत, म्हणजे शेताकडं जाणाऱ्या वाटेत, चप्पल अडकली की हातानं उपसून काढायला लागती, बाया वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन त्यातनंच येतात. कोल्हापूर जिल्ह्यात ही गोष्ट कुणाला नवीन नाही, म्हणून थेट कसं करायचं ते सांगतो.

नायजेरियाच्या आग्नेय भागातल्या इग्बो गावांतनं पण रस्ता, पाणी, दवाखाना यांची अशीच बोंब. तिथं शहरात राहणाऱ्या बायका ऑगस्टमध्ये गावी येतात, गावातल्या बायकांबरोबर बसतात, वर्गणी ठरवतात आणि दवाखाना, बाजाराचे गाळे असली कामं उभी करतात. नावच 'ऑगस्ट मीटिंग'. आपल्याकडं मुंबई मंडळ असतंय की, पण वर्गणी सगळी देवळाचा कळस आणि म्हाईच्या म्हणजे गावजत्रेच्या जेवणावर.

तर पहिलं काम, तालुक्याच्या भूमी अभिलेख ऑफिसातनं गाव नकाशा काढा. त्यावर वाट असली तर निम्मं भांडण तिथंच मिटतं, नाहीतर "आमच्या आज्ज्यानं सोडलेली जागा हाय" हे ऐकत बसा. कुणी नव्यानं बांध घालून वाट अडवली असेल तर मामलेदार कोर्ट कायदा 1906, कलम 5 खाली तहसीलदाराकडं अर्ज करता येतो, पण अडवल्यापासून 6 महिन्यांच्या आत बरं का. त्याआधी एखाद्या तात्या-आबाला घेऊन अडवणाऱ्याच्या घरी चहाला जा, अर्ज शेवटी.

मग 1 मेची ग्रामसभा धरा. ऊस गेलेला असतो, रान मोकळं असतं, सुट्टीला मुंबईकर पण आलेले असतात. कोरमला मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100, जे कमी असेल तेवढी डोकी लागतात. तिच्या आधी महिला ग्रामसभा घ्यायची असते, ती कागदावरच उरकू देऊ नका, चिखल तुडवणारी माणसं तीच आहेत. ठराव झाला की प्रोसिडिंगमध्ये लिहिलाय का ते बघा आणि नक्कल हातात घ्या.

आता पैसे. एकरी वर्गणी लावा, मुंबईकरांना वेगळा आकडा सांगा, हिशोब ग्रुपवर टाका.

आम्ही कुठं चुकलो तर वर्गणी जमली म्हणून उत्साहात डायरेक्ट मुरूमच टाकला, रोलर नाही, कडेला चर नाही, आणि पहिल्याच जोराच्या पावसात निम्मा मुरूम खालच्या अण्णांच्या भातात, वर अण्णांच्या शिव्या त्या वेगळ्याच. म्हणून आधी जेसीबीनं दोन्ही बाजूला चर, मधे उंचवटा, पाणी आडवं जातंय तिथं सिमेंटचे नळे, आणि मग मुरूम, पाणी मारून रोलर. काळ्या रानात तर खाली मोठा दगड भरल्याशिवाय मुरूम टाकूच नका, गिळतंय ते सगळं. नळे घेताना व्यास जरा मोठाच घ्या, उसाचा पाला अडकून बारीक नळा तुंबतो आणि मग पाणी परत रस्त्यावर.