गाडी हीट झाली, आता इंजिन वाचलंय का गेलंय हे कसं ओळखायचं

घाटात काटा लाल पट्ट्यात गेला, बोनेटमधून वाफ निघाली, गाडी साईडला घेऊन बंद केली, इथपर्यंत बरोबर. पण खरी वाट बऱ्याचदा त्यानंतर लागते, कारण अर्ध्या तासात लोक पाणी ओतून परत सेल्फ मारतात. प्लीज नका मारू. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, तोवर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, आत प्रेशर असल्यामुळे कूलंट (इंजिन गार ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी) 100 डिग्रीच्या वर जाऊनही उकळत नाही आणि झाकण सुटलं की क्षणात उसळून अंगावर येतं. तापलेल्या इंजिनात गार पाणी पण नको, हेडला (सिलेंडरांवर बसणाऱ्या इंजिनच्या वरच्या भागाला) क्रॅक जाऊ शकतो.

आणि काटा वर गेलाच नाही म्हणून निर्धास्त राहू नका, कूलंट सगळं गळून गेलं असेल तर सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन भाजत असतानाही काटा नॉर्मल दाखवू शकतो.

थंड झालं की पहिली डिपस्टिक काढा. ऑईल दूध घातलेल्या चहासारखं दिसलं किंवा लेव्हल आपोआप वाढलेली असली तर कूलंट ऑईलमध्ये गेलंय, मग गाडी चालू न करता टो करूनच न्यायची. नुसत्या ऑईल कॅपच्या आत थोडा पांढरा साय जमलाय एवढ्यावर घाबरू नका, पावसाळ्यात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या चांगल्या गाडीतही तो जमतो.

ऑईल स्वच्छ असेल तर कूलंट भरून थोडा वेळ चालू करून बघा. सेल्फ मारताना इंजिन मध्येच अडकलं तर जोर लावायचा नाही, सिलेंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. चालू झाल्यावर मिनिटभरातच वरचा होस पाईप दगडासारखा कडक झाला, कूलंटच्या टाकीत बुडबुडे थांबेचनात, किंवा इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला, तर हेड गॅस्केट (हेड आणि खालच्या ब्लॉकच्या मधलं सील) उडालंय असंच धरून चाला. खात्रीसाठी ब्लॉक टेस्ट करायला सांगा, रेडिएटरच्या तोंडावर निळं लिक्विड असलेली नळी लावतात, पेट्रोल गाडीत ते पिवळं झालं की जळालेला गॅस कूलंटमध्ये येतोय. स्वस्तातली टेस्ट आहे, इंजिन खोलायला हो म्हणायच्या आधी ही झालीच पाहिजे.

मग कंप्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलेंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजायचं. शेजारशेजारचे दोन सिलेंडर कमी आले तर मधलं गॅस्केट फाटलंय. एकच कमी असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल टाकून परत मोजा, आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

हेड उतरवलंच तर स्वतः समोर उभे रहा. बहुतेक गाड्यांत हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, ब्लॉक लोखंडी असेल तर हेड त्याच्या जवळपास दुप्पट फुगतं, पण बोल्टने आवळलेलं असल्यामुळे त्याला जागा मिळत नाही आणि ते बेंड होतं. सरळ स्टीलची पट्टी आडवी, उभी आणि तिरकी ठेवून खाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवून बघतात, 0.05 मिमीच्या आसपासची फट सुद्धा बऱ्याच इंजिनांना चालत नाही, तुमच्या गाडीची लिमिट मॅन्युअलमध्ये बघा. जास्त असेल तर फेसिंग, म्हणजे मशीनवर हेडचा तळ सपाट करून घेणं, आणि फेसिंगआधी क्रॅकसाठी प्रेशर टेस्ट, नाहीतर क्रॅक गेलेल्या हेडवर पैसे वाया. हे न बघता नुसतं गॅस्केट बदलून दिलेली गाडी काही महिन्यांत परत तिथेच येते. जोडताना हेड बोल्ट नवीन, आणि ज्यामुळे हीट झाली तो फॅन, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, रेडिएटर कॅप यातलं जे काय असेल ते त्याच खोलण्यात बदलून घ्या.